आधी चित्र, मग पेटी
कार्यालयातील टीव्हीवर माल दाखविण्यासाठी कोणते साधन घ्यावे?

गेल्या महिन्यात एका फर्निचर व्यापाऱ्याच्या कार्यालयात तासभर बसण्याचा योग आला. दुकान वडिलांच्या काळापासूनचे. मागे कारखाना, सात-आठ सुतार आणि पॉलिशवाले कामाला. कार्यालयाच्या भिंतीवर ४३ इंची टीव्ही लावलेला होता. पडदा निळा, आणि त्यावर 'सिग्नल नाही' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे इकडून तिकडे फिरत होती.

तेवढ्यात एक गृहस्थ पत्नीसह कपाटाची चौकशी करण्यास आले. भाव ऐकून म्हणाले, "मोठ्या दुकानात तयार कपाट याच्या निम्म्या किमतीत मिळते. तुमच्या कपाटात असे काय आहे?" प्रश्न रास्त होता आणि उत्तरही मालकांजवळ होते. लाकूड सागवानी, सांधे खिळ्यांचे नव्हेत तर खाच पाडून बसविलेले, पॉलिश हाताने चढविलेले. हे दाखविण्यासाठी त्यांनी मोबाइल काढला. त्यात फोटो हजारो. बोट फिरविता फिरविता पुतण्याचे लग्न आले, विजेचे बिल आले, औषधाची चिठ्ठी आली; कपाटाचा सांधा काही सापडेना. गृहस्थ "पुन्हा येतो" म्हणून उठले. डोक्यावर टीव्ही तसाच निळा.

"चाचा, हा टीव्ही कशासाठी लावला होता?" आम्ही विचारले.

"याचसाठी!" ते म्हणाले. "दुकानात एक मुलगा होता. तो आपल्या लॅपटॉपवरून फोटो लावायचा. नोकरी सोडून गेला, लॅपटॉपही त्याच्याबरोबर गेला. मग बाजारातून एक पेटी आणली. ती सकाळी पासवर्ड मागते. तो कोणाला ठाऊक?"

ही एकट्या चाचांची गोष्ट नाही. टीव्ही घेतला जातो, तो भिंतीवर ठोकला जातो, आणि त्यावर चित्र कोठून येणार याचा विचार शेवटी होतो. या लेखात तोच विचार आधी करावयाचा आहे. आमचे सांगणे एका वाक्यात असे : जे साधन मुलगा नसताना, इंटरनेट नसताना आणि वीज जाऊन आल्यानंतरही आपले काम करते, तेच आपल्या दुकानाचे साधन, मग ते सर्वात स्वस्त का असेना.

खरेदीपूर्वी तीन प्रश्न

जुन्या व्यापाऱ्यांना आठवत असेल, गावच्या टॉकीजमध्ये खेळ सुरू होण्यापूर्वी आणि मध्यंतरात काचेच्या स्लाइडवर दुकानांच्या जाहिराती दाखवीत. एक चित्र, दोन ओळी, दुकानाचा पत्ता. आजचा स्लाइड शो म्हणजे तेच काम. फक्त टॉकीज आता आपल्याच भिंतीवर आहे. यंत्रवाल्याचे कामही आपल्याच माथी आले आहे. म्हणून पेटी घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, चित्रे किती वेळा बदलावयाची? महिन्यातून एकदा की रोज? कपाटाचे, दरवाजाचे, भरतकामाचे नमुने महिनोन् महिने तेच राहतात. परंतु विमान तिकिटाचे किंवा सोन्याचे दर रोज बदलतात. या दोन धंद्यांना एकच साधन लागत नाही.

दुसरा, बदलणार कोण? ज्याला मोबाइलवर फोटो काढता येतो, एवढेच ज्ञान असलेला घरचा माणूस ते करू शकेल का? नसेल, तर ते साधन पगारी माणसाच्या मर्जीवर चालणार हे समजून असावे.

तिसरा, वीज गेली आणि आली तर काय होईल? टीव्ही आपोआप सुरू होऊन चित्रे फिरू लागतील, की कोणाला तरी स्टुलावर चढून बटणे दाबावी लागतील? दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात सारी निवड या एका प्रश्नावर ठरते.

टीव्हीच्या पाठीमागचे छिद्र

सर्वात स्वस्त साधन बहुतेकांच्या घरी आधीच आहे. आजच्या जवळजवळ प्रत्येक टीव्हीला मागे किंवा बाजूला यूएसबीचे छिद्र असते. त्यात पेन ड्राइव्ह घातला, रिमोटने फोटोंचे फोल्डर उघडले आणि 'स्लाइड शो' दाबले की चित्रे फिरू लागतात. इंटरनेट नको, पासवर्ड नको, वेगळी पेटी नको. ज्याची चित्रे महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात त्याने प्रथम हेच करून पाहावे. मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पेन ड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा पुरे. तो 'फॅट ३२' पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. इतर पद्धती काही टीव्ही वाचत नाहीत. फोटो 'जेपीजी' प्रकारचे असावेत. आयफोन २०१७ पासून 'हेइक' नावाच्या वेगळ्या प्रकारात फोटो ठेवतो आणि पुष्कळ टीव्ही तो दाखवीत नाहीत. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जेपीजीची निवड करता येते, ती करून घ्यावी.

फोटो आडवा धरूनच काढावा. उभ्या फोटोला टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात व माल लहान दिसतो. फुल एचडी टीव्हीचा पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे २० लाख ७० हजार ठिपक्यांचा असतो. मोबाइलचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो १ कोटी २० लाख ठिपक्यांचा. म्हणजे टीव्हीला लागतात त्याच्या जवळजवळ सहापट. असे मोठे फोटो उघडताना टीव्ही अडखळतो. ते १९२० बाय १०८० या मापाचे करून घ्यावेत. हे काम मोबाइलवरही होते. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो मात्र दाबून लहान झालेला असतो. भरतकामाचा टाका किंवा लाकडाची रेषा त्यात पुसट होते. कारागिराकडून फोटो मागवावयाचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा.

फोटोंना ००१, ००२, ००३ अशी नावे द्यावीत. बहुतेक टीव्ही नावाच्या क्रमाने फोटो दाखवितात, म्हणून क्रम आपल्या हाती राहतो. प्रत्येक चित्र ८ ते १० सेकंद ठेवावे. २४ चित्रे १० सेकंदांनी फिरविली तर ४ मिनिटांत फेरी पूर्ण होते. गिऱ्हाईक साधारण तेवढा वेळ तरी बसते.

या साधनाचे दोष दोन. वीज जाऊन आली की बहुतेक टीव्हींवर स्लाइड शो पुन्हा हाताने लावावा लागतो. आणि काही टीव्ही तीन-चार तास रिमोट दाबला नाही की विजेच्या बचतीसाठी आपणहून बंद होतात. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. काही कंपन्यांच्या टीव्हीत 'हॉटेल मोड' नावाची छुपी यादी असते. तिच्यातून वीज आल्याबरोबर टीव्ही सुरू व्हावा आणि ठराविक जोडणीवरच जावा, असे ठरवून देता येते. टीव्ही घेताना दुकानदाराला हे नेमके विचारावे. नवा टीव्ही घेणाऱ्याने पेन ड्राइव्ह खिशात घालूनच दुकानात जावे आणि आपलेच फोटो लावून पाहावेत.

टीव्हीत खोचण्याची कांडी

दुसरे साधन म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय जोडणीत खोचण्याची कांडी, म्हणजे स्टिक. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक सर्वांच्या परिचयाची आहे. गूगलचे क्रोमकास्टही अनेकांकडे आहे. मोबाइलवरून फोटोंच्या अल्बममध्ये बदल केला की तो टीव्हीवर उमटतो, हा यांचा मोठा फायदा. मालक बाहेरगावी असला तरी नवा नमुना दुकानात दाखवू शकतो.

परंतु ही कांडी मुळात घरी सिनेमे पाहण्यासाठी बनविलेली आहे. ती इंटरनेटवर आणि कंपनीच्या खात्यावर चालते. इंटरनेट बंद, तर नवे चित्र बंद. खात्यातून बाहेर पडली, तर ती पुन्हा पासवर्ड मागणार. शिवाय कंपनी माल बनविणे कधी थांबवील हे आपल्या हाती नाही. क्रोमकास्ट २०१३ मध्ये बाजारात आले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये गूगलने त्याचे उत्पादन थांबवीत असल्याचे जाहीर केले. ९ मार्च २०२५ रोजी तर दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकाएकी अडली. त्यांच्या आतील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. यंत्रात बिघाड नव्हता, मालकाचा दोष नव्हता. तरी कंपनीकडून दुरुस्ती येईपर्यंत काही दिवस थांबावे लागले. घरी असे झाले तर सिनेमा बुडतो. दुकानात झाले तर पडदा निळा राहतो.

कांडी घेतलीच तर तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नये, तिच्याबरोबर आलेल्या अडॅप्टरमधून द्यावी. टीव्हीचे यूएसबी छिद्र अनेकदा अर्धा अँपिअरच वीज देते, ती अपुरी पडून कांडी वारंवार बंद-चालू होते. आणि स्वतःच्या फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखविण्याची पद्धत दुकानात वापरूच नये. मध्येच उधारीच्या तगाद्याचा निरोप आला तर तो फोनबरोबर गिऱ्हाइकाच्याही डोळ्यांसमोर येतो. तसे झाल्यावर काय सांगावे हे आम्हांला सुचत नाही.

स्वस्त पेटीचा महाग सौदा

बाजारात अनोळखी नावाच्या अँड्रॉइड पेट्या फार कमी किमतीत मिळतात. त्या घेऊ नयेत, असे आम्ही स्पष्ट सांगतो. यात महागाचा अभिमान नाही, धोक्याचा हिशोब आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या टोळीजाळ्याविषयी जाहीर इशारा दिला. प्रमाणपत्र नसलेल्या अशा काही पेट्यांत घातक प्रणाली कारखान्यातच भरलेली असते, काहींत पहिल्या वापराच्या वेळी शिरते. जुलै २०२५ मध्ये गूगलने या टोळीविरुद्ध दावा दाखल केला. त्यात बाधित यंत्रांची संख्या १ कोटीहून अधिक सांगितली आहे. अशी पेटी वरवर आपले फोटो दाखवीत राहते आणि आतून आपले इंटरनेट परक्या माणसाला वापरू देते.

आता विचार करा, दुकानात ज्या वाय-फायवर ही पेटी, त्याच वाय-फायवर आपला बिलाचा संगणक आणि बँकेचे व्यवहार करणारा मोबाइल असतो. दोन हजार वाचविण्याच्या नादात गल्ल्याची किल्ली अनोळख्याच्या हाती देण्यासारखे हे झाले. पेटी घ्यायचीच तर नामांकित कंपनीची आणि 'प्ले प्रोटेक्ट' प्रमाणित असलेलीच घ्यावी. सुरू करताना 'सुरक्षा बंद करा' असे सांगणारी पेटी त्याच दिवशी परत करावी. आणि चांगली पेटी असली तरी तिला वाय-फायच्या 'गेस्ट' जोडणीवर ठेवावे. ही सोय बहुतेक राउटरमध्ये असते.

अडगळीतला संगणक

काहींकडे जुना संगणक पडून असतो. तो टीव्हीला जोडून पॉवरपॉइंटमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये स्लाइड शो फिरता ठेवता येतो. चित्रावर किंमत, माप, लाकडाचे नाव असे मराठी-उर्दूतून लिहिणे यात सर्वात सोपे. नवीन काही घ्यावे लागत नाही, हाही फायदाच.

मात्र जुना संगणक फुकट असला तरी त्याची वीज फुकट नसते. हिशोब करून पाहा. टीव्ही ८० वॅटचा, दिवसाला १० तास, महिन्याला २६ दिवस : जवळजवळ २१ युनिट. जुना संगणक ७० वॅट धरला तर आणखी १८ युनिट. ५ वॅटचे छोटे यंत्र मात्र महिन्यात सव्वा युनिटच्या आसपास वीज घेते. युनिटला १० रुपये धरले, तर जुन्या संगणकाचे महिन्याला १८० रुपये, वर्षाला दोन हजारांहून अधिक. दोन वर्षांत फुकटचा संगणक चांगल्या कांडीच्या किमतीचा होतो. आणखी एक गोष्ट : विंडोज १० ची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. असा संगणक फोटो दाखविण्यास वापरावा, पण त्याला इंटरनेट जोडू नये. चित्रे पेन ड्राइव्हनेच घालावीत.

पत्त्याच्या आकाराचा संगणक

ज्याच्या घरात किंवा मोहल्ल्यात संगणकाची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्याने रास्पबेरी पाय या यंत्राचा विचार करावा. ब्रिटनमध्ये मुलांना संगणक शिकविता यावा म्हणून हे यंत्र निघाले आणि २०१२ मध्ये ३५ डॉलरला विक्रीस आले. आकार पत्त्यातील पानाएवढा. २०२१ मध्ये आलेले 'झीरो २ डब्ल्यू' हे त्याचे छोटे भावंड १५ डॉलरला निघाले. फुल एचडी पडद्यावर फोटो फिरविण्यास तेही पुरते.

याचा खरा गुण असा की, एकदा नीट बसविल्यावर वीज आली की ते स्वतः सुरू होते आणि कोणी काही न दाबता चित्रे दाखवू लागते. टीव्हीची जोडणी साथ देत असेल तर टीव्हीलाही तेच उठविते. इंटरनेट लागत नाही. याच्यासाठी 'अँथिअस' नावाची फुकट प्रणालीही मिळते; तिच्यामुळे त्याच वाय-फायवरील संगणकाच्या ब्राउझरमधून चित्रे बदलता येतात.

दोष तेवढेच स्पष्ट आहेत. याची स्मृती एका नखाएवढ्या कार्डावर असते आणि वीज अचानक गेल्यास कार्ड बिघडू शकते. म्हणून सर्व काही बसवून झाल्यावर कार्डावर नवे लेखन होऊ नये अशी सोय चालू करावी, आणि त्या कार्डाची एक प्रत गल्ल्यात ठेवावी. दुसरे, जोडणी : पाय ४ आणि पाय ५ यांना मायक्रो एचडीएमआय आणि झीरोला मिनी एचडीएमआय लागते. साधी केबल बसत नाही. यंत्राबरोबरच योग्य तोंडाची केबल आणि कंपनीचाच अडॅप्टर घ्यावा. तिसरे, बसविणाऱ्याने सर्व कृती आणि पासवर्ड वहीत लिहून द्यावेत. नाहीतर चाचांच्या लॅपटॉपचीच गोष्ट पुन्हा होते.

व्यावसायिक पडदा कोणाला?

ज्यांच्या तीन-चार शाखा आहेत, चित्रे एका जागेवरून सर्वत्र बदलावयाची आहेत, किंवा पडदा दिवसरात्र चालणार आहे, त्यांच्यासाठी वेगळा माल आहे. सॅमसंग, एलजी यांचे व्यावसायिक पडदे आतच संगणक घेऊन येतात; ब्राइटसाइनसारख्या कंपन्या केवळ याच कामाची यंत्रे बनवितात. हे पडदे रोज १६ किंवा २४ तास चालण्याच्या हिशोबाने बांधलेले असतात आणि अधिक उजळ असतात. रस्त्याकडे तोंड असलेल्या, ऊन येणाऱ्या काचेत साधा टीव्ही फिका पडतो, तेथे यांचा उपयोग होतो. किंमत अर्थात मोठी. शिवाय अनेक सेवांना दर पडद्यामागे दरमहा भाडे असते. खरेदीची किंमत विचारून थांबू नये. तीन वर्षांचा एकूण खर्च लिहून मागावा.

एका खोलीच्या कार्यालयाला याची गरज नाही. पण घरगुती टीव्ही घेतानाही हमीपत्र वाचावे. बऱ्याच कंपन्या दुकानात वापरलेल्या घरगुती टीव्हीला हमी देत नाहीत, किंवा तिची मुदत कमी करतात. आणि ओएलईडी प्रकारचा महागडा टीव्ही या कामाला घेऊच नये; एकच नाव-पत्ता एकाच जागी महिनोन् महिने राहिला तर त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटतो. साधा एलईडी टीव्ही बरा. त्यावरही दुकानाचे नाव सतत एका कोपऱ्यात ठेवू नये आणि उजेड पूर्ण वाढवू नये.

खरेदीच्या वेळी

३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याने बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे. धंद्यासाठी घेतलेल्या टीव्हीवरील कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना ती मिळत नाही.

अडॅप्टरवर बीआयएसच्या नोंदणीचे चिन्ह आहे का ते पाहावे. दिवसभर भिंतीमागे तापत राहणारी वस्तू तीच आहे. यंत्र शक्यतो टीव्हीच्या मागेच बसवावे. टेबलापासून भिंतीपर्यंत लांब केबल नेली तर १० मीटरच्या पुढे चित्र तुटण्याची शक्यता वाढते. लाकडाचा भुसा, सुताची धूळ किंवा पिठाची भुकटी उडणाऱ्या कारखान्यात यंत्राला हवेशीर पण झाकलेली पेटी करावी आणि महिन्याला पुसून घ्यावी.

आणि दाखवावे काय?

साधन कोणतेही घ्या, त्याची किंमत चित्रावर ठरते. तयार मालाचे चकचकीत फोटो सर्वांकडेच असतात. कारागिराकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही : माल बनतानाचे चित्र.

मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. दुकानात टांगलेली सतार पाहून नवख्याला तिची किंमत समजत नाही. पण भोपळा निवडणे, तो वाळविणे आणि कापणे, लाकडाची दांडी, त्यावरील कोरीव काम, पॉलिशचे हात, शेवटी जवारी काढणारा कारागीर, ही दहा चित्रे ओळीने पाहिली तर भाव सांगण्यापूर्वीच अर्धे उत्तर मिळते. हिमरू विणणारा, जरीकाम करणारा, चपला शिवणारा, लोखंडी जाळी घडविणारा, प्रत्येकाजवळ अशी दहा चित्रे आहेत. ती काढायला एक दिवस आणि एक मोबाइल लागतो.

काही पथ्ये पाळावीत. कारागिराचा चेहरा त्याला विचारूनच दाखवावा. गिऱ्हाइकाच्या घरात बसविलेल्या मालाचा फोटो त्यांच्या परवानगीने घ्यावा आणि त्यात घरची माणसे येऊ देऊ नयेत. इंटरनेटवरून उचललेला दुसऱ्याच्या मालाचा फोटो लावू नये. गिऱ्हाइकाने तोच नमुना मागितला तर शब्द जातो, आणि फोटोवर हक्क दुसऱ्याचा असतो तो वेगळाच. चित्रांना गाण्याची जोड देऊ नये. दुकानात गाणी वाजविण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि बोलणेही ऐकू येत नाही. अक्षरे दहा फुटांवरून चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत. भाव लिहिले तर तारीखही लिहावी. जुना भाव पडद्यावर राहिला तर तोच द्यावा लागतो.

तात्पर्य

चित्रे क्वचित बदलत असतील तर टीव्ही आणि पेन ड्राइव्ह पुरे. रोज बदलत असतील आणि इंटरनेट भरवशाचे असेल तर नामांकित कांडी. वीज वारंवार जात असेल आणि घरात शिकणारे मूल असेल तर रास्पबेरी पाय. शाखा अनेक असतील तरच व्यावसायिक पडदा. आणि काहीही घेतले तरी पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्यासमोर एक परीक्षा घ्यावी : चालू असताना मुख्य बटण बंद करावे, दहापर्यंत मोजावे, पुन्हा चालू करावे आणि हात पाठीमागे बांधून पाहत राहावे. चित्र आपोआप परत आले तर घ्यावे. नाही आले तर रोज ते कोण आणणार, हे ठरवूनच घ्यावे.

चाचांकडे आम्ही पुन्हा गेलो होतो. बाजारातली पेटी त्यांनी काढून टाकली आहे. मागच्या कारखान्यात एक सकाळ घालवून त्यांच्या मुलीने २४ फोटो काढले. ओंडका, रंधा, खाच, सांधा, पॉलिशचा पहिला हात, शेवटचा हात. ते पेन ड्राइव्हमध्ये घालून टीव्हीच्या मागे खोचले आहेत. रोज सकाळी दुकान उघडल्यावर चाचा स्वतः रिमोटची तीन बटणे दाबतात. ती कोणती हे रिमोटवर पांढऱ्या रंगाचे ठिपके देऊन ठेवले आहे. खर्च पेन ड्राइव्हचा तेवढा झाला.

आम्ही बसलो असताना एक गिऱ्हाईक आले. भावावरून घासाघीस झालीच. ती कोणत्या पडद्याने थांबेल! पण मध्येच ते थांबले, टीव्हीकडे बोट करून म्हणाले, "तो सांधा आमच्या कपाटालाही असाच असेल ना?" चाचांनी मागे वळून न पाहताच मिस्त्रीला हाक मारली.